विमानाला नवा रंग दिल्यावर तपासणी कोण करतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांबऱ्याच्या विमानतळावर नव्या रंगातले विमान उतरले की त्याचे फोटो बेळगावभर फिरतात. रंगकाम म्हणजे सजावट असा समज त्यामुळे पक्का होतो. प्रत्यक्षात ते देखभालीचेच काम आहे आणि इंजिनाच्या कामाइतकीच काटेकोर तपासणी त्याला हवी. हत्तरगीच्या विमानभागांच्या कारखान्यांत, हैदराबाद-नागपूरच्या विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये खानापूर, हुक्केरी, निपाणीकडची मुले कामाला लागतात. त्यांच्यासाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहोत.

विमानाच्या अंगावर, नाकाच्या मागे दोन्ही बाजूंना, बारीक भोकांच्या चकत्या असतात. हे स्टॅटिक पोर्ट. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत जातो आणि उंची, वेग, चढ-उतार दाखवणारी सगळी यंत्रे त्यावर चालतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोईंग ७५७ च्या डाव्या बाजूच्या पोर्टवर धुण्या-पॉलिशच्या वेळी चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. पट्टी चंदेरी, पत्राही चंदेरी. ती ना तपासनिसाला दिसली, ना उड्डाणापूर्वी फेरी मारणाऱ्या वैमानिकाला. रात्रीची वेळ, खाली समुद्र. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली, कक्षाने ९,७०० फूट सांगितली. पण कक्षाच्या पडद्यावरचा आकडा विमानातूनच, त्याच बुजलेल्या पोर्टवरून येत होता. पंख पाण्याला लागला तेव्हाही आत ९,७०० च दिसत होते. ७० माणसे गेली.

दुसरी दुर्घटना थेट रंगकामाशी जोडलेली आहे. फ्रान्समधील पर्पिन्याँ येथे एअर न्यूझीलंडच्या रंगात रंगवलेले एअरबस ए३२० २७ नोव्हेंबर २००८ ला चाचणी उड्डाणात समुद्रात कोसळले, सातही जण दगावले. तीन दिवस आधी धूळ काढायला ते पाण्याने धुतले होते आणि हवेशी विमानाचा कोन मोजणारे सेन्सर झाकले नव्हते. आत शिरलेले पाणी उंचावर गोठले, तीनपैकी दोन सेन्सर जवळपास एकाच आकड्यावर अडकले. संगणकाने दोघांचे जुळते म्हणून ते खरे धरले आणि बरोबर असलेला तिसरा बाद केला. नंतर कमी उंचीवर वेग मुद्दाम घटवून पाहिला गेला, तेव्हा विमानाला सावरणारी यंत्रणा जागी झालीच नाही.

एकीकडे झाकण राहून गेले, दुसरीकडे झाकलेच नाही. म्हणून झाकणांचा हिशेब लेखी हवा. विमानाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलीच, लाल फीत लोंबणारी झाकणे वापरावीत. चिकटपट्टी टाळता येत नसेल तर ती पत्र्याच्या आणि रंगाच्या उलट, डोळ्यात भरणारी असावी. प्रत्येक झाकणाला क्रमांक, लावणाऱ्याची सही, काढणाऱ्याची सही. काढलेली झाकणे टेबलावर मांडून मोजावीत, आणि ती मोजणी लावणाऱ्याने करू नये. झाकण निघाले की पोर्टभोवतीचा पत्रा बोटाने चाचपून पाहावा. तिथे रंगाची कड किंवा ओघळ राहिला, तर भोक मोकळे असूनही दाब चुकीचा मोजला जातो.

आपल्या घरांत खिडकीच्या चौकटीत मातीचे घर बांधणारी कुंभारीण माहीत आहेच. तिच्या जातीच्या माश्या वेग मोजण्यासाठी समोरची हवा आत घेणाऱ्या पिटो नळीतही घर करतात, म्हणून उभ्या विमानाची नळी झाकावीच लागते. ब्रिस्बेनला याच भीतीने लावलेली तिन्ही झाकणे न काढता १८ जुलै २०१८ ला मलेशिया एअरलाइन्सचे ए३३० उडाले. ते सुखरूप परतले, पण वैमानिकांना वेग दिसत नव्हता.

जुना रंग काढतानाच्या चुका तर वर्षानुवर्षे लपून राहतात. जोडाच्या कडेचे सीलंट धातूच्या धारदार पात्याने खरवडले की पत्र्यावर केसाएवढी रेघ उठते. केबिनमध्ये हवेचा दाब भरून उतरतो तसा पत्रा प्रत्येक उड्डाणात ताणला जातो, आणि रेघेतून तडा सुरू होतो. वरून नवा रंग चढला की ती रेघ कुणाला दिसणार? म्हणून खरवडायला प्लास्टिकचे पाते, आणि प्रायमर लावण्यापूर्वी जोडांची भिंगाने तपासणी. रंग काढणारे रसायन कंपोझिट (तंतू आणि राळ मिळून बनवलेल्या) भागांवर आणि ॲक्रिलिकच्या काचांवर पडता कामा नये. ते जोडाच्या फटीत राहिले आणि वर आपल्याकडचा जून-जुलैचा दमटपणा आला, तर रंगाखाली अळीसारखा वळवळत जाणारा गंज धरतो.

सांबऱ्याहून उडणाऱ्या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांबाबत आम्हाला जास्त काळजी वाटते. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर हे विमान वळवणारे, वर-खाली नेणारे पंखांचे व शेपटीचे हलते भाग बिजागरीवर तोललेले असतात. जुना थर न काढता नवा चढवला की बिजागरीमागचे वजन वाढते आणि वेगात तो भाग फडफडू लागतो. ही फडफड काही क्षणांत शेपूट मोडू शकते. म्हणून रंगानंतर हे भाग मॅन्युअलच्या मर्यादेत पुन्हा तोलावेत आणि पूर्ण विमानाचेही वजन करावे. धुण्यात गेलेले बिजागऱ्यांचे ग्रीस परत भरावे, पाणी निचऱ्याची भोके आणि इंधनटाकीच्या हवेच्या वाटा मोकळ्या आहेत का पाहावे. स्टॅटिक पोर्टपासून यंत्रांपर्यंत जाणाऱ्या नळ्यांची गळती चाचणी साधी आहे. केबिनमध्ये दाब न भरणाऱ्या विमानात १,००० फूट उंची वाढलेली दिसेपर्यंत हवा ओढायची, वाट बंद करायची आणि एका मिनिटात १०० फुटांहून जास्त घसरण होत नाही ना ते बघायचे. या चाचणीसाठी दुसऱ्या बाजूचा पोर्ट पुष्कळदा पट्टीनेच बुजवतात. ती पट्टीही हिशेबात धरावी.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. सीमाभागातील आयटीआय आणि खासगी प्रशिक्षण संस्थांनी झाकणांची मोजणी आणि रंगानंतरची तपासणी प्रात्यक्षिकासह शिकवावी. आणि कामाचे कागद इंग्रजीत असले तरी, पाळी सुरू होताना काय झाकायचे नि काय उघडायचे हे मुलांना कन्नड आणि मराठी दोन्हींत सांगितले जावे. न कळलेल्या ओळीखाली त्यांना सही करावी लागू नये.

आपले,
विमान देखभाल क्षेत्रातील काही निवृत्त तंत्रज्ञ,
बेळगाव