अप्पुकुट्टनचे तिकीट

नाशिक

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राचे उत्तर अजून माझ्याकडेच आहे, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दलची तुझी खास विशेषणे तू फोनवर वापरून झाली आहेत, तेव्हा ती पुन्हा ऐकण्याची हौस नाही. माझी साखर औषधाने ताब्यात आहे आणि हिचे गुडघे होते तसेच आहेत. आज लिहायला बसलो तो बापटामुळे. चौघांनी मिळून पुन्हा कोचीला जायचा घाट त्याने घातला आहे आणि गटावर जो निरोप टाकला आहे, तो तू पाहिलाच असशील. त्यात आपली नावे नाहीत. महादेवन, गोविंदनकुट्टी, थॉमसकुट्टी आणि अप्पुकुट्टन अशी यादी आहे आणि खाली 'अप्पुकुट्टन, तिकिटे तू काढ' असा हुकूम आहे. सुनेने तो वाचला आणि विचारले, 'बाबा, अप्पुकुट्टन कोण?' मी म्हणालो, 'आमच्या ऑफिसात होता एक.'

तेव्हापासून मला चैन नाही, आणि हे ज्याच्याकडे बोलावे असा मनुष्य तूच आहेस, कारण हे नाव मला चिकटवणारा तूच. तू अजूनही सांगतोस की चिठ्ठ्या टाकल्या होत्या. 'इन हरिहर नगर' हा मल्याळी विनोदी चित्रपट पाहून आपण बाहेर पडलो, पोरोट्ट्याच्या दुकानात बसलो आणि तू बिलाच्या पाठीमागे त्यातल्या चार मित्रांची नावे लिहून चिठ्ठ्या केल्यास, इथपर्यंत सगळे खरे आहे. पण त्या चिठ्ठ्या तूच घड्या घातल्यास, तूच हलवल्यास आणि मला सर्वांत शेवटी उचलायला लावलीस, हे तू दर वेळी गाळतोस. शेवटी उरलेल्या चिठ्ठीला नशीब म्हणत नाहीत.

तो निरोप आल्यावर मी हट्टाने पहिला भाग पुन्हा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी, इतकी वर्षे टाळलेला दुसरा भागही पाहिला. पहिला 1990चा, सिद्दीक आणि लाल या जोडीचा. दुसरा 2009चा, एकट्या लालचा. पहिल्याबद्दल नव्याने सांगण्यासारखे थोडे आहे. मल्याळमचा गंध नसताना आपण तो पाहिला होता, आणि बापट शेजारच्या माणसाला प्रत्येक विनोदाचा अर्थ विचारत असल्यामुळे आपण सगळ्या थिएटरानंतर हसत होतो. आता सबटायटल्ससह पाहिला, तर विनोद आपण समजलो होतो त्याहून बरे निघाले. शेजारी आलेल्या मायेवर छाप पाडायला चार रिकामटेकडे तिच्या भावाचे जिवलग मित्र असल्याची थाप मारतात, आणि मग ज्या भावाला त्यांनी कधी पाहिलेही नाही त्याच्या मृत्यूचे सगळे लचांड जॉन होनाई या खलनायकासकट त्यांच्या गळ्यात येते. थाप मारणाऱ्यालाच थाप निस्तरावी लागते, एवढ्यावर सगळा चित्रपट उभा आहे आणि तो कुठे डगमगत नाही. रिझाबावाचा होनाई अजूनही थंड घाम आणतो. तो गेला 2021 साली आणि दिग्दर्शक सिद्दीक 2023 साली. पडद्यावर आपला गोविंदनकुट्टी करणारा नट म्हणजे निराळा सिद्दीक, हे तुला त्या वेळी समजावून देताना आपल्या चौघांतल्या शिरीषचे जेवण थंड झाले होते.

खरा घोळ दुसऱ्या भागाचा आहे. तिघे आता बायकामुलांचे धनी झाले आहेत, एक थॉमसकुट्टी तेवढा अजून लग्नाच्या तयारीत आहे, आणि अप्पुकुट्टन, दिगंबर, मुंबईत दातांचा डॉक्टर झाला आहे. मला क्षणभर फार बरे वाटले. ज्याला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढले, त्याच्यासमोर आता लोक मुकाट्याने तोंड उघडून बसतात! पण हे समाधान किती टिकावे? चौघे हरिहर नगरात एकत्र आले, शेजारी पुन्हा एक मुलगी राहायला आली, आणि पाहता पाहता डॉक्टरसाहेब होते तिथे येऊन पोहोचले. कोणी त्यांना मुद्दाम खाली खेचले नाही. बाकीचे तिघे नुसते त्यांच्याकडे पाहतात, आणि त्या पाहण्यातच ते पुन्हा अप्पुकुट्टन होतात. अप्पुकुट्टन करणाऱ्या जगदीशने हे इतके नेमके केले आहे की मला हसू येईना. ही शेजारी बसून खळखळून हसत होती. मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, 'अगदी तुम्ही!' या बाईने आपल्याला कोचीत कधी पाहिलेले नाही.

आता माझी काळजी तुझ्या लक्षात आली असेल. कारखान्यात मी बोललो की लोक लिहून घेत असत. निवृत्त झाल्यावरही सोसायटीत पाण्याच्या टाकीचा प्रश्न निघाला की मला बोलावणे येते. चार माणसांत मी बऱ्यापैकी शहाणा समजला जातो, हे तुला हास्यास्पद वाटत असले तरी वस्तुस्थिती आहे. पण शिरीषच्या मुलाच्या लग्नात काय झाले ते आठव. मी तोंड उघडण्याआधीच तुम्ही तिघे हसायला लागलात, आणि मग तुमचे हसणे वाया जाऊ नये म्हणून मला काहीतरी वेडपट बोलणे भाग पडले. व्याही मंडळी शेजारीच उभी होती. त्यानंतर जेवताना मठ्ठा सांडला तोही मीच. एरवी वर्षानुवर्षे माझ्या हातून काही सांडत नाही. म्हणजे हा माझा स्वभाव नसून तुम्हा तिघांच्या उपस्थितीचा परिणाम आहे, असे माझे ठाम मत आहे आणि यावर मला तुझे विनोद नको आहेत.

तू म्हणशील, चित्रपट तो चित्रपट. पण पडद्याबाहेरही हे सुटत नाही, ही गोष्ट मला अधिकच लागली. जगदीश सिनेमात येण्याआधी कॉलेजात वाणिज्य शिकवणारा प्राध्यापक होता. 2016च्या केरळ विधानसभेच्या निवडणुकीत आपला महादेवन, म्हणजे मुकेश, मार्क्सवाद्यांकडून कोल्लममधून निवडून आला, आणि त्याच निवडणुकीत काँग्रेसतर्फे पत्तनापुरममधून उभा राहिलेला जगदीश पडला. शिकलेला, शहाणासुरता मनुष्य. पण मतदारांनीसुद्धा जणू चिठ्ठ्या टाकून ठेवल्या होत्या. बापटाला हे कळवू नकोस, तो आधीच स्वतःला आमदार समजतो.

मी दुसऱ्या भागाला नावे ठेवत नाही. लोकांना तो आवडला, पुढच्याच वर्षी तिसराही निघाला. पहिल्याइतका तो बांधीव नाही. दुसऱ्या अर्ध्यात गुंडगिरीचा पसारा फार वाढतो, आणि पुष्कळदा जुन्या विनोदाची ओळख पटली म्हणून प्रेक्षक हसतो, नवा विनोद झाला म्हणून नव्हे. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. एकोणीस वर्षांनी तेच चौघे नट, तेच चौघे मित्र म्हणून उभे राहिले. आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी'च्या चौघांना हे भाग्य लाभले नाही. 1988चा तो चित्रपट अजून घराघरांत पाठ आहे, पण लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघेही 2004 सालीच गेले. उद्या कोणी कितीही पैसे ओतून दुसरा भाग काढला, तरी त्यात दोन जागा रिकाम्याच राहणार. तेव्हा पोटे सुटलेली का असेनात, चार माणसे पुन्हा एका चौकटीत दिसतात, याला काही किंमत आहे, असे मला मध्यरात्री वाटते आणि सकाळी बापटाचा निरोप वाचला की वाटेनासे होते.

बापटाबद्दलही लिहायला हवे. वहिनी गेल्यापासून तो आपल्याशी जे बोलतो ते सगळे 1990 मधले असते. त्याला कोचीला जायचे आहे म्हणजे फोर्ट कोचीची चिनी जाळी पाहायची नाहीत. ती त्याने तेव्हाही पाहिली नव्हती, झोपला होता. त्याला पुन्हा महादेवन व्हायचे आहे, आणि अप्पुकुट्टनशिवाय महादेवन होता येत नाही. त्याने पहाटे मला पहिल्या भागातले 'एकांत चंद्रिके' गाऊन पाठवले आहे, शब्द अजूनही चुकीचे. त्या गाण्यात त्याचा आवाज एकदा अडकतो. तू नीट ऐक. म्हणून मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणावे तर तिथे उतरल्यापासून मी कोण असेन, ते मला आताच दिसते आहे. आणखी एक भीती आहे, ती फक्त तुला सांगतो. समजा मी तिथे गेलो, गंभीरपणे वागलो, काही सांडले नाही, आणि तुम्ही कोणी हसलाच नाहीत, तर आपण चौघांनी चार दिवस बोलायचे तरी कशावर? तुझ्या पित्ताच्या खड्यांवर?

त्यावरून आठवले. खडे निघाले ना? चिरंजीवांना नवी नोकरी लागल्याचे शिरीषकडून कळले, मनापासून अभिनंदन. तू स्वतः कळवले नाहीस, हे मी दिवाळीच्या पत्राच्या हिशेबात वळते करून घेतले आहे. तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे घोडे कुठे अडले आहे, तेही कळव. वहिनींना नमस्कार.

तर माझे म्हणणे असे. मी येतो आणि तिकिटेही काढतो, कारण तुम्ही काढलीत तर आपण कोचीऐवजी कोल्हापूरला उतरू. पण माझ्या तीन अटी आहेत आणि त्या बापटाच्या गळी उतरवणे तुझ्याकडे. तिथे दुसरा भाग कोणी लावायचा नाही. लावायचाच तर पहिला, आणि सबटायटल्सशिवाय. मुक्कामासाठी एखादा जुनाट बंगला घ्यायचा नाही, कारण तिसऱ्या भागात हे चौघे भुताच्या घरात जातात आणि बापटाला अशा कल्पना फार लवकर सुचतात. तिसरी अट मुख्य आहे. पहिल्याच संध्याकाळी चिठ्ठ्या नव्याने टाकायच्या, चिठ्ठ्या शिरीषने करायच्या, आणि या खेपेस सर्वांत शेवटी तू उचलायची.

उत्तर पत्राने पाठव, गटावर लिहू नकोस. बापट तिथले सगळे वाचतो. विमानाचे भाडे रोज चढते आहे, तेव्हा दिवाळीच्या उत्तराला मी लावला तेवढा वेळ तू लावू नकोस.

तुझा,
अरविंद