टाळी एका हाताने वाजत नाही, हे प्रशिक्षणात शिकवू नका

मा. संपादक,
स. न.

कौटुंबिक हिंसाचार रोखण्यात पुरुषांचा सहभाग, या प्रशिक्षणाची बातमी कालच्या अंकात वाचली. संरक्षण अधिकारी (घरातल्या हिंसेत बाईला मदत करायला नेमलेले), समुपदेशक, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि पोलीस पाटील यासाठी एकत्र बसले, हे चांगलेच झाले. पण प्रशिक्षकांचा जो सल्ला तुम्ही चौकटीत छापला, तो वाचून संताप आला: 'पती-पत्नीला समोरासमोर बसवा, दोघांची बाजू ऐका, टाळी एका हाताने वाजत नाही.'

समोरासमोर बसवलेली बाई नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बोलते. तिथे जे बोलली त्याचा हिशेब घरी गेल्यावर होतो. पुढच्या तारखेला ती 'आता सगळं ठीक आहे' म्हणते आणि फाइलवर 'समेट' असा शेरा पडतो. म्हणून आधी तिला एकटीला भेटायचे, जमल्यास वेगळ्या दिवशी. 'त्रास होतो का?' एवढ्यावर कुणी काही सांगत नाही. गळा दाबला होता का, जीवे मारायची धमकी दिली का, गरोदरपणात मारले का, घरात कोयता-कुऱ्हाड कुठे असते, ती नुकतीच माहेरी निघून आली आहे का, हे एकेक करून विचारावे लागते. गळा दाबला असेल, तर वळ दिसत नसला तरी तिच्या जिवाला धोका आहे असेच धरून चालायचे. आणि तिने सांगितलेले एक अक्षरही त्याच्या कानी जाता कामा नये. 'तुमच्या मिसेस म्हणत होत्या...' एवढ्या वाक्यावर त्या रात्री मार बसतो.

आता पुरुषाशी बोलण्याविषयी. 'का मारलंस?' विचारले की तो कारणे मोजतो: जेवण, मोबाइल, तिची आई, दारू. समुपदेशक सवयीने मान डोलावतो आणि त्याला वाटते, साहेबांना पटले. त्याऐवजी घटना क्रमाने विचारायची. कुठे उभा होतास, दार कुणी लावले, मुले कुठे होती, मारल्यावर काय केलेस? 'हात उठला' म्हणाला, तर 'कुणी उचलला?' एवढेच विचारून गप्प बसायचे. राग आवरायचे धडे इथे पुरत नाहीत. मुकादमावर आलेला राग तो गिळतोच; घरी मात्र दार लावून, कपड्याखाली झाकले जाईल अशा जागी मारतो. दारू सुटली म्हणून मारहाण सुटेलच असेही नाही.

हे भाषणाने येत नाही. तिघा-तिघांचे गट करून एकाने नवरा व्हायचे, एकाने समुपदेशक, तिसऱ्याने मान किती वेळा डोलली ते मोजायचे, मग अदलाबदल. त्याआधी प्रशिक्षणार्थींची स्वतःची मते बाहेर यायला हवीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सुमारे ४४ टक्के पुरुषांना आणि ४५ टक्के स्त्रियांना, विचारलेल्या सातपैकी एका तरी कारणासाठी बायकोला मारणे योग्य वाटले. सभागृहातली माणसे याच समाजातली आहेत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याचे कलम १४ न्यायदंडाधिकाऱ्याला एकत्र समुपदेशनाचाही आदेश देऊ देते, हे खरे. पण त्याच कायद्याखालच्या २००६ च्या नियमांतला नियम १४ सांगतो की हिंसेचे समर्थन समुपदेशनात मांडता येणार नाही, आणि हे नवऱ्याला सुरुवातीलाच सांगायचे असते. 'दोघांची बाजू' यात कुठे बसते? बैठकीचा हेतूही हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणे हा आहे. संसार जुळवणे हे तिथले काम नाही.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात मारहाण करणाऱ्या पुरुषांच्या गटाचा अभ्यासक्रम २७ आठवड्यांचा आहे. आपल्याकडे असे गट काढाल तर चालवायला एक पुरुष आणि एक स्त्री असू द्या, आणि त्याच्या बायकोशी बोलणारी कार्यकर्ती वेगळी ठेवा. 'तो गटाला जातोय' या भरवशावर बाई नांदायला परत जाते. तो मध्येच यायचा बंद झाला, तर ते तिला त्याच दिवशी कळले पाहिजे.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर खाली मथळा होता, 'किरकोळ वादातून पत्नीला मारहाण'. वाद किरकोळ होता, हे वार्ताहराला कुणी सांगितले? मारणाऱ्यानेच ना? पुढच्या वेळी मथळ्यात 'पतीकडून' हा शब्द तेवढा घाला आणि वादाचे कारण गाळा.

आपला,
एक समुपदेशक, सातारा