भरतीचे गणित आणि भरतीची समज

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांच्या प्रगतीची तुलना करणारा लेख वाचला. विज्ञान पिढीगणिक पुढे जाते, तत्त्वज्ञान मात्र अडीच हजार वर्षे त्याच प्रश्नांभोवती घुटमळते, आणि म्हणून जगाविषयी जे काही समजायचे ते यापुढे विज्ञानाकडूनच समजेल, असा त्या लेखाचा सारांश होता. लेखकाचे विज्ञानावरचे प्रेम मला परके नाही, कारण ठाण्यातील एका शाळेत मी ३१ वर्षे भौतिकशास्त्रच शिकवले आहे. परंतु 'प्रगती' आणि 'समज' हे दोन शब्द त्या लेखात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले आहेत, आणि माझी हरकत नेमकी तेथे आहे.

ही हरकत मला पुस्तकांतून सुचलेली नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी चेंदणी कोळीवाड्यातून शाळेत येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने भरती-ओहोटीचा धडा चालू असताना विचारले, "सर, चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, तर चंद्र पृथ्वीच्या पलीकडे गेल्यावर पुन्हा भरती कशी येते?" मी पुस्तकातले केंद्रोत्सारी बलाचे वाक्य तिला सांगितले, तिने ते वहीत उतरवून घेतले, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की तिला काहीही उमगलेले नाही. घरी येऊन कागदावर आकृती काढायला बसलो तेव्हा लक्षात आले की ते मलाही उमगलेले नव्हते. मी उत्तर देऊ शकत होतो, परीक्षेतली गणिते सोडवू शकत होतो, पण दुसऱ्या भरतीचे कारण मला दिसत नव्हते. त्या संध्याकाळपासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

त्याच मुलीने आजोबांकडून शिकलेला एक नियम वर्गाला सांगितला होता. चालू तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी. सरासरीने पाहिले तर तिथीमागे भरती सुमारे ४८ मिनिटांनी पुढे सरकते आणि हा नियम ४५ मिनिटे धरतो, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी साचलेली चूक पाऊण तासाची होते. खाडीत आत पाणी पोहोचायला लागणारा उशीर ज्याचा त्याला अनुभवाने ठाऊक असतो. होडी लोटायला एवढी अचूकता पुरेशी आहे. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, हे घड्याळ आणि दुर्बीण येण्यापूर्वी या किनाऱ्यावरच्या माणसांनी चंद्राशी जोडून ठेवले होते, आणि हे खरे ज्ञान आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र चंद्राचा आणि पाण्याचा संबंध का असावा, याविषयी हा नियम एक अक्षरही बोलत नाही.

आता याच्या नेमकी उलटी बाजू पाहावी. गॅलिलिओने १६३२ साली भरतीचे स्पष्टीकरण दिले ते पृथ्वीच्या दोन गतींवरून, म्हणजे तिचे स्वतःभोवती फिरणे आणि सूर्याभोवती फिरणे यांच्या मिलाफातून समुद्राला हिसके बसतात असे मानून. ते स्पष्टीकरण चुकीचे होते, आणि त्यातून मुळात दिवसाला एकच भरती निघत होती. पाण्यावर चंद्राची सत्ता चालते असे समकालीन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मानावे याचे गॅलिलिओला आश्चर्य वाटले, कारण मध्ये काहीही नसताना एका वस्तूने दूरच्या दुसऱ्या वस्तूला हलवावे, हे त्याला गूढविद्येसारखे वाटत होते. कोळीवाड्यातल्या आजोबांकडे बरोबर नियम होता आणि कारण नव्हते; गॅलिलिओचा नियम चुकला, परंतु कारण समजण्याजोगे असले पाहिजे हा त्याचा आग्रह योग्य होता. यांतला कोण 'पुढे' होता, हे प्रगतीच्या एकाच पट्टीने मोजता येईल असे मला वाटत नाही.

न्यूटनने १६८७ साली आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात चंद्राला त्याचे स्थान परत दिले. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला चंद्राची ओढ जास्त, मध्याला त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूला सर्वांत कमी. भरती निर्माण होते ती या फरकामुळे. म्हणूनच सूर्याची पृथ्वीवरील एकूण ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे १८० पट असूनही भरतीच्या बाबतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी आहे, कारण तो इतका दूर आहे की पृथ्वीच्या दोन बाजूंना जाणवणाऱ्या त्याच्या ओढीत फार फरक पडत नाही. हे विज्ञानाचे मोठे यश होते. परंतु ही ओढ म्हणजे काय, असे विचारले असता न्यूटनने त्याच ग्रंथाच्या १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले की त्याविषयी मी अटकळी बांधत नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने नेमके त्याच जागी बोट ठेवले. न्यूटनची बाजू मांडणाऱ्या क्लार्कबरोबर १७१५-१६ साली झालेल्या पत्रव्यवहारात त्याने मध्यस्थाविना होणाऱ्या आकर्षणाला हरकत घेतली, आणि अवकाश ही स्वतंत्र वस्तू आहे की केवळ वस्तूवस्तूंमधला संबंध आहे, हा प्रश्नही त्याने त्याच पत्रांतून लढवला. आपल्या लेखकाच्या दृष्टीने ही निष्फळ तात्त्विक भांडणे ठरतील, कारण ग्रहांचे आणि भरतीचे गणित त्यांच्यावाचून उत्तम चालले होते.

गणित खरोखरच चालले होते, हे मान्य केले पाहिजे. फ्रेंच गणिती लाप्लासने १७७०च्या दशकात दाखवून दिले की पाणी चंद्राकडे आणि पलीकडे फुगते हे फुगवट्याचे साधे चित्र महासागराला लागू पडत नाही. सुमारे ४ किलोमीटर खोल पाण्यात लाट ताशी जेमतेम ७०० किलोमीटर वेगाने जाऊ शकते, तर विषुववृत्तावर चंद्राखालचा बिंदू ताशी १६०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असतो. म्हणजे फुगवटा चंद्राच्या मागे धावतो हे चित्र प्रत्यक्षात उतरू शकत नाही, आणि भरती ही खोऱ्याच्या आकाराप्रमाणे हेलकावणारी लाट म्हणून पाहावी लागते. (शाळेत आपण अजूनही फुगवट्याचेच चित्र काढतो, आणि ते अपुरे आहे एवढेसुद्धा मुलांना सांगत नाही, याची मला खंत आहे.) १८७२च्या सुमारास केल्व्हिनने भरतीचे भाकीत करणारे यंत्र उभे केले. एखाद्या बंदरातल्या पाण्याच्या पातळीच्या नोंदींतून वेगवेगळ्या कालावधीची आवर्तने वेगळी काढायची आणि तीच पुढे चालवून बेरीज करायची, ही त्यामागची रीत होती. मुंबईत अपोलो बंदरावर अशा नोंदी १८७८पासून आहेत. या रीतीने उद्याची भरती मिनिटांच्या हिशेबाने सांगता येते, पण त्या बंदराला तीच आवर्तने त्याच प्रमाणात का मिळाली, हे तिला ठाऊक असावे लागत नाही. ती आजोबांच्या पाऊणकीची अत्यंत परिष्कृत थोरली बहीण आहे. संगणकाला अफाट माहिती पुरवून भाकिते मिळवण्याच्या आजच्या काळात हा भेद विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

मग त्या तात्त्विक भांडणांचे पुढे काय झाले? फॅरडे आणि मॅक्सवेल यांनी विद्युत व चुंबकत्वाच्या बाबतीत दुरून होणाऱ्या परिणामाऐवजी क्षेत्राची, म्हणजे मधल्या अवकाशात जागोजागी पसरलेल्या प्रभावाची, कल्पना आणली. १९०७ साली आइन्स्टाइनच्या लक्षात आले की मुक्तपणे खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही, आणि त्या धाग्यावरून तो १९१५ साली गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्तापर्यंत पोहोचला. अवकाश आणि काळ यांविषयीच्या रूढ समजुती सोडण्याचे बळ ह्यूम आणि माख या तत्त्वचिंतकांच्या वाचनातून मिळाले, असे त्याने स्वतः म्हटले आहे. १६८७ ते १९१५ या २२८ वर्षांत 'ओढ म्हणजे काय' हा प्रश्न ज्यांनी जिवंत ठेवला, ते भरतीच्या गणितात अचूकतेचा एक अंशही वाढवत नव्हते; तरीही त्यांच्यावाचून हा प्रश्न कोणी पुन्हा उघडला असता का, याची मला शंका आहे.

आणि येथेच मला त्या मुलीचे उत्तर सापडले. पृथ्वी चंद्राकडे सतत मुक्तपणे पडत असते. पडणाऱ्या वस्तूला एकसारखी ओढ जाणवतच नाही, जाणवतो तो जागोजागी असलेला ओढीतला फरक. जवळचे पाणी मध्यापेक्षा थोडे पुढे पडते आणि पलीकडचे पाणी थोडे मागे राहते, म्हणून भरतीचा जोर दोन्ही बाजूंना असतो. न्यूटनच्या गणितात हे सगळे होतेच. परंतु नव्या सिद्धान्ताने सांगितले की मुक्तपणे पडत असताना जे नाहीसे होते ते दुय्यम, आणि जो फरक तरीही उरतो तेच गुरुत्वाकर्षणाचे खरे स्वरूप आहे. ज्या गोष्टीला मी आयुष्यभर धड्यातले शेवटचे उपकलम समजत होतो, ती त्या विषयाचा गाभा निघाली. नवी आकडेवारी एकही नव्हती, जुनेच आकडे होते, आणि तरी समज वाढली होती.

तत्त्वज्ञानाची प्रगती कशी होते, याचे आपल्याकडचे उदाहरणही देतो. चंद्र आणि भरती यांची सांगड आजवर दिसली म्हणून उद्याही दिसेल, हे कशावरून? चार्वाकांचा आक्षेप हाच होता: धूर तेथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे कधीही न मोडणारी सांगड, सर्व काळ आणि सर्व स्थळे पाहिल्यावाचून सिद्ध कशी होणार? न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतील उदयनाचार्यांनी उत्तर दिले की शंकेलाही मर्यादा असते. जी शंका घेतल्यावर आपले स्वतःचे वागणेच विसंगत ठरते, तेथे ती थांबते. बाराव्या शतकात श्रीहर्षाने त्यांचाच श्लोक उलटवून त्यांच्यावर टाकला, आणि चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशाने व्याप्तीच्या एकेका व्याख्येतला दोष दाखवत अधिक काटेकोर व्याख्या मांडली. शेवटी सर्वांचे एकमत झाले नाही, हे खरेच आहे. परंतु या वादात 'उपाधी', म्हणजे नियमात लपलेली अट, ही कल्पना घासूनपुसून तयार झाली: अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण मध्ये ओल्या लाकडाची अट लपलेली असते. ही कल्पना हाती असली की पाऊणकीविषयी योग्य प्रश्न विचारता येतो. तो नियम आपल्या किनाऱ्यापुरता खरा आहे. टोंकिनच्या आखातात दिवसातून एकच भरती येते, याची न्यूटननेही आपल्या ग्रंथात दखल घेतली होती. नियमात दडलेली अट शोधायला शिकवणे ही प्रगती नव्हे, असे कोण म्हणेल?

तत्त्वज्ञानात शब्दच्छल पुष्कळ चालतो आणि चुकलेले मत टाकून देण्याची विज्ञानाची शिस्त त्यात कमी आहे, ही लेखकाची तक्रार मी नाकारत नाही. पण ज्या प्रश्नाला मोजण्याची रीत सापडते तो तत्त्वज्ञानाच्या खात्यातून काढून विज्ञानाच्या खात्यात जमा होतो, हेही त्यांनी हिशेबात धरायला हवे होते. न्यूटनने आपल्या ग्रंथाच्या नावात स्वतःच्या विषयाला निसर्गाचे तत्त्वज्ञान असेच म्हटले आहे. जमा रक्कम दुसऱ्या खात्यावर टाकून पहिल्याला दिवाळखोर ठरवणे न्यायाचे नाही.

आपल्याला एक विनंती आहे. ज्या ठाण्यात १८९३पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि व्याख्यानांना आजही श्रोते आवर्जून येतात, तेथे भौतिकशास्त्राचा एक आणि न्यायदर्शनाचा एक अभ्यासक एकाच मंचावर बसून एकाच प्रश्नावर बोलले, असे माझ्या पाहण्यात नाही. आपल्या दैनिकाने असा संवाद घडवून आणावा आणि तो सविस्तर छापावा. प्रश्न भरतीचाच घ्यावा, आणि कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसांना पहिल्या रांगेत न बसवता मंचावर बसवावे. माझ्या त्या विद्यार्थिनीपर्यंत तो अंक पोहोचला, तर वर्गात द्यायचे राहून गेलेले उत्तर तिला उशिरा का होईना मिळेल.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
कोपरी, ठाणे (पूर्व)