ओसरीवरच्या गणपतीसमोर कॅमेरा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर माजघरातच राहणार आणि व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायला कॅमेरा ओसरीवर हवा, म्हणजे सगळा प्रश्न केबलचा आहे. बाबा, आधी माप घ्या. केबल ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने, भिंतीच्या कडेने आणि चौकटीवरून सुतळी लावून मोजा. वर मीटरभर जास्त धरा. साधारण दहा मीटर भरेल असं वाटतं.

यूएसबीची साधी केबल ५ मीटरपर्यंतच नीट चालते, आणि त्यात कॅमेऱ्याची स्वतःची दीडेक मीटर वायर आलीच. साध्या एक्स्टेन्शन एकापुढे एक जोडून दहा मीटर करू नका. एक तर कॅमेऱ्याचं उत्तर ठरलेल्या वेळात परत आलं नाही की कॉम्प्युटर कॅमेरा ओळखतच नाही. दुसरं म्हणजे वीज वाटेतच खर्च होते. कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट निघतात. आतली तार २८ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा), म्हणजे बारीक असेल, तर दहा मीटर जाऊन-येऊन वीस मीटर होते आणि तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सव्वाचार ओहमच्या आसपास जातो. कॅमेऱ्याने २०० मिलिअँपिअर ओढले, तर पाऊण व्होल्टहून जास्त तिथेच गेले. मग दिवा लागतो, चित्र क्षणभर येतं आणि कॅमेरा बंद पडतो. २४ गेजच्या जाड तारेत हीच घट साधारण एक तृतीयांश व्होल्ट असते.

म्हणून १० मीटरची एकच ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे रिपीटर केबल घ्या. सिग्नल पुन्हा ताजा करणारी चिप तिच्यातच असते. पाकिटावर यूएसबी २.० आणि जाड तारेचा गेज पाहा. आकडा लहान तितकी तार जाड. बाजूला ५ व्होल्टच्या ॲडॉप्टरसाठी जागा असलेली मिळाली तर तीच घ्या. दुकानदार कदाचित लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या, वायरीच्या दोन टोकांना लावायची यूएसबी जोडांची जोडी दाखवेल, शे-दोनशेत मिळणारी. ती घेऊ नका. त्यात चिप नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात. माउस एखादवेळी चालेल, पण व्हिडिओचा भार तिला पेलत नाही.

केबल आली की लगेच भिंतीवर ठोकू नका. आधी कॅमेरा थेट कॉम्प्युटरला लावून पाहा. मग केबल जमिनीवर पसरून, मागच्या बाजूच्या पोर्टला लावून अर्धा तास चालवा. कॅमेरा दिसलाच नाही तर दोष केबलचा किंवा जोडाचा. सुरू होऊन बंद पडला तर विजेचा, ॲडॉप्टर लावा. चित्र अडकत असेल तर रिझोल्यूशन ६४० बाय ४८० वर आणा. हे सगळं दुकानाची परत घ्यायची मुदत संपायच्या आत करा.

बसवताना केबल विजेच्या वायरिंगपासून वीतभर लांब ठेवा. पंख्याच्या रेग्युलेटरजवळून नेली तर चित्रात अडथळा येऊ शकतो. यूएसबीचा प्लग जायला भिंतीला बोटभर जाड भोक लागतं; त्यापेक्षा व्हेंटिलेटरमधून काढा. खाली प्लॅस्टिकची केसिंग पट्टी लावा, उंदरांचा त्रास आहेच. कॅमेऱ्याजवळच्या जोडावर वजन येऊ नये म्हणून तिथे केबलचा सैल वेढा खिळ्याला बांधा.

आई, कॅमेरा खिडकीकडे तोंड करून ठेवू नकोस, सगळ्यांचे चेहरे काळे येतील. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला असू दे, आणि उंची पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्याइतकी. समई अगदी समोर आली तर ती थोडी बाजूला सरकव. आवाजासाठी कॉलमध्ये कॅमेऱ्याचाच माइक निवडा, नाहीतर माजघरातलेच आवाज जातील. स्पीकर माजघरात आणि माइक ओसरीवर असल्याने आवाज घुमण्याचा त्रासही कमी.

एकाच दिवसाचं काम असतं तर जुना फोन पुरला असता, पण रोज दोन वेळा आरती आणि मध्येच फोन वाजणं, यापेक्षा केबल बरी.

माप आणि कॅमेऱ्याच्या वायरीची लांबी कळवा, केबल मी मागवते.

तुमची लेक