डिफेन्सच्या कामासाठी येणाऱ्या मेंबरांनी फाईल घेऊनच या

मंडळी, पुढच्या मीटिंगला येताना ज्यांना डिफेन्सच्या कामात शिरायचंय त्यांनी आपल्या कुठल्याही एका पार्टची पूर्ण फाईल सोबत आणा, ब्रोशर नको.

मशीन भारी आहे म्हणून कोणी ऑर्डर देत नाही, तिथे बघतात ते रेकॉर्ड. समजा शाफ्ट आहे, तर त्याचा बार कुठल्या हीटचा (म्हणजे मिलमध्ये एकदम वितळवलेल्या कुठल्या बॅचचा), मिलचं टेस्ट सर्टिफिकेट कुठंय, हीट ट्रीटमेंट कुणी केली, कुठल्या मायक्रोमीटरने मोजला आणि त्याचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) व्हॅलिड होतं का, हे विचारल्यावर लगेच काढून दाखवता आलं पाहिजे. बऱ्याच शॉपमध्ये बारचं हीट नंबर असलेलं टोकच आधी कापलं जातं आणि उरलेला तुकडा बेवारस होतो, तर आधी नंबर पंच करा मगच तुकडा रॅकवर ठेवा, हे आजच सुरू करा प्लीज.

विमानाच्या पार्टला एएस ९१०० (विमान उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) मागतात, पण त्याचा पाया आयएसओ ९००१ हे नेहमीचं क्वालिटी स्टँडर्डच आहे, त्यामुळे ते असेल तर अर्धी तयारी झालेलीच समजा. फर्स्ट आर्टिकल रिपोर्टमध्ये, म्हणजे पहिल्या बनवलेल्या पार्टच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये, ड्रॉइंगवरचं एकूण एक माप येतं, नुसती महत्त्वाची मापं देऊन चालत नाही.

माझ्या मते थेट मोठ्या कंपनीमागे धावण्यापेक्षा तिच्या सप्लायरकडून छोट्या लॉटचं काम घ्या. अप्रूव्हलला खूप वेळ लागतो, तोवर चालू गिऱ्हाईक सोडू नका.

आणि ड्रॉइंगचे फोटो ग्रुपवर अजिबात टाकू नका. कोण येणार ते खाली कळवा.