काका, कुकरच्या डागाबद्दल आभार

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही हवापाण्यावर बोलायला लागता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. शिवाय माझ्यावर आली तशी वेळ भाड्याचं घर सोडणाऱ्या कुणावरही येऊ शकते, तेव्हा आणखी चारजणांनी वाचलं तर बरंच.

त्या शनिवारी सकाळी दार वाजलं. एका अनोळखी माणसाने माझं नाव विचारलं, हातात कागद दिले आणि निघून गेला. आमच्या जुन्या घरमालकाने स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा ठोकला होता. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचं ते घर आम्ही ३० जून २०२४ ला सोडलं. ३,२०० डॉलर डिपॉझिट त्याने ठेवून घेतलंच होतं, वर आणखी ३,३५० मागत होता. रंगाचे २,४००, गालिच्याचे २,९००, 'स्वयंपाकाचा वास काढण्याचे' ९०० आणि ओट्यावरच्या जळक्या डागाचे ३५०.

वासाची ओळ वाचून मला आधी राग नाही आला, लाज वाटली. पाच वर्षं रोज फोडणी घातली त्याची लाज! का वाटली, ते मला अजून कळलेलं नाही.

हे पुण्याला गेलेले. माझं माहेर गिरगावातलं, त्यामुळे कोर्ट म्हटलं की डोळ्यांपुढे धोबीतलावचं स्मॉल कॉज कोर्ट येतं. आमच्या चाळीचा दावा आजोबांच्या वेळचा, आणि बाबा अजून तारखांना जातात. त्यात आमचा व्हिसा. मी कागद घेऊन जिन्यात बसले होते, तेव्हा तुम्ही गाडीतून पिशव्या काढत होतात. चष्मा कपाळावर सरकवून उभ्याउभ्या सगळं वाचलंत. म्हणालात, "अगं, हा पैशांचा वाद आहे, गुन्हा नाही. चहा टाक." आणि लगेच पुढे, "मी स्वतः घरमालक आहे. तुझीच बाजू घेईन असं समजू नकोस."

मी रात्रभर जागून तीन पानी उत्तर लिहिलं, ते तुम्ही वाचलंसुद्धा नाहीत. कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्समध्ये लेखी उत्तर लागतच नाही, ठरलेल्या दिवशी हजर राहायचं, हे तुमच्याकडूनच कळलं. नाही गेलं तर समोरचा म्हणेल तेवढ्यावर निकाल लागू शकतो. सुनावणीत कुणालाच वकील उभा करता येत नाही. आणि काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, फुकट सल्लागार असतो, त्याला फोनही तुम्हीच लावायला लावलात.

डिपॉझिटचा हिशेब घर सोडल्यापासून २१ दिवसांत द्यावा लागतो. आम्हाला तो ९ ऑगस्टला मिळाला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी. मी उडालेच, आता दावा फेटाळलाच जाणार! तुम्ही मला खाली बसवलंत. मुदत चुकली म्हणून डिपॉझिट अडवून ठेवायचा हक्क त्याने गमावला, पण नुकसानभरपाई मागायचा नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९९५ सालीच ठरवलंय. म्हणून आपण उलटा दावा लावला. एससी-१२० हा अर्ज, फी ५० डॉलर, आणि सुनावणीच्या निदान पाच दिवस आधी त्याच्या हातात पडलेला. मला डिपॉझिटची दुप्पट रक्कम दंड म्हणून मागायची होती. "त्याच्या मनात खोट होती हे दाखवत बसशील आणि हातचं घालवशील," म्हणालात.

मग तुम्ही यादीवर बोट ठेवलंत. "हा डाग कुणाचा?"

"लॅमिनेटच हलकं होतं हो."

"ते नाही विचारलं. कुणाचा?"

डाग कुकरचा. पोराला भूक लागली होती, घाईघाईत गॅसवरचा कुकर उचलून सरळ ओट्यावर टेकवला. मध्ये पिवळट, कडेला तपकिरी असा नीट गोल उठला. त्यानंतर मी त्यावर कायम मिक्सर ठेवत असे. घर सोडायच्या आधी त्याने पाहणी केली, तेव्हाही मिक्सर तिथेच होता, हे मी तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "मग साडेतीनशे कबूल कर," म्हणालात, "आणि सगळ्यात आधी तेच सांग." खरं सांगते काका, मला तुमचा राग आला होता. त्याने आमचे बत्तीसशे दाबून ठेवलेत आणि मी हरिश्चंद्र व्हायचं?

बाकीचं जुळवताना मात्र मजा आली. राहून राहून जे झिजतं त्याचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. राज्याच्या मार्गदर्शिकेत आडाखेही आहेत: भाडेकरू दोन वर्षं किंवा जास्त राहिला असेल तर रंगाचे पैसे सहसा कापता येत नाहीत, आणि गालिचा जुना असेल तर त्याचं जितकं आयुष्य उरलंय तितकेच. गालिचा २०१४ चा, हे त्यानेच २०१९ च्या ईमेलमध्ये लिहिलं होतं. १२५ डॉलरच्या वरच्या कापणीला पावती लागते, वासाच्या नऊशेची नव्हतीच. आणि राहायला गेल्या दिवशी आईला घर दाखवायला काढलेला व्हिडिओ! "हे बघ आई, खिडकीपाशी गालिचा जरा विरलाय, तिथे सोफा टाकीन." तुम्ही त्यातली चित्रं तारखेसकट छापून घ्यायला लावलीत, तीन संच: एक न्यायाधीशांना, एक त्याला, एक मला.

सॅन होजेला सगळं पंचवीस मिनिटांत आटोपलं. तुम्ही मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होतात. माझा आवाज कापत होता. उभी राहिले आणि पहिल्यांदा डागाचं सांगितलं, मिक्सरसकट. न्यायाधीशांनी कागदातून मान वर काढली. पुढचं त्यांनी जरा वेगळ्या कानांनी ऐकलं, असं मला तरी वाटलं. मग घरमालकाला विचारलं, "गालिचा कधी बसवला होता?" त्याला आठवेना. मी ईमेल पुढे केला.

बारा दिवसांनी टपालाने निकाल आला. बत्तीसशेतून साडेतीनशे वजा, २,८५० आम्हाला, वर कोर्टाची पन्नास फी. वासाबद्दल एक अक्षर नाही, नुसतं शून्य. चेक मागच्या आठवड्यात वटला.

सुनावणीनंतर पार्किंगमध्ये मी रडत होते आणि तुम्ही बोटांवर काहीतरी मोजत होतात. "माझा भाडेकरू जाऊन एकोणीस दिवस झाले गं. घरी जाऊन आधी त्याचा हिशेब पाठवतो." पाठवलात ना?

परवा कुकरखाली ठेवायला जाड लाकडी चकत्या आणल्या. दोन आणल्यात, एक तुमच्या त्या भाड्याच्या घरासाठी. रविवारी घेऊन येते.

तुमची,
जिन्यात बसलेली शेजारीण