आई, तुला ऐकू आलेली ती सूं सूं

पुणे, सोमवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल एस.टी.ची वेळ झाली आणि बाबांना नीट समजावून सांगायचं राहून गेलं. फोनवर तुम्ही एकच विचारता, "पण झाली ना गाडी नीट?" झाली. पण नुसतं "झाली" ऐकून आईची भीती जायची नाही, आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलवरचा बाबांचा संशयही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईचं. आई, गेल्या दोन महिन्यांत तू तीनदा म्हणालीस की गाडी सिग्नलला उभी असली की बोनेटखालून सूं सूं ऐकू येतं, रिंग सैल झालेल्या कुकरसारखं. कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही, आणि मी रोज इंजिनांतच हात घालून असते. याचं मला फार वाईट वाटतंय. तू ऐकलंस ते बरोबर होतं. फरक एवढाच की कुकरमधून वाफ बाहेर निसटते, इथे हवा आत शिरत होती.

बाबा, एक किलो निव्वळ पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. आपल्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे एक सेन्सर आत जाणारी हवा मोजतो आणि कॉम्प्युटर त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. त्या सेन्सरच्या पुढे कुठे चीर पडली, तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. पेट्रोल आधीच्याच हिशोबाचं, हवा मात्र जास्त. मिश्रण लीन होतं, म्हणजे आमटीत पाणी जास्त पडावं तसं पातळ, आणि नीट पेटत नाही. म्हणून सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन वरखाली व्हायचं, बहादूरशेख नाक्यावर थरथरायचं, आणि कुंभार्ली घाटात वळणावर तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात तेव्हा बंदच पडलं. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि एकदोनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. त्या वळणावर आई शेजारी होती. तुम्ही दोघांनी ते मला पंधरा दिवस सांगितलं नाहीत, हे मात्र पुन्हा करू नका.

मिस्त्रींनी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला होता. स्कॅनरवर पी 0171 हा कोड आला, त्याचा अर्थ "मिश्रण फार लीन". हे सांगतो कोण, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपातला तो सेन्सरच, म्हणून पहिला संशयही त्याच्यावरच येतो. पण खबर आणणारा खोटं बोलतोय असं आधी सिद्ध तरी व्हायला हवं. तो सेन्सर खरं तेच सांगत होता. नवा साडेचार हजारांचा बसवला असता तरी त्यानेही हेच सांगितलं असतं.

मी माझा छोटा स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम बघितलं. कॉम्प्युटर आपल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त सोडतोय, तो हा आकडा. गाडी उभी असताना 27 टक्के. इंजिन 2500 आरपीएमवर नेलं की 8 टक्के. या दोन आकड्यांतच निम्मा शोध लागला. उभ्या गाडीत इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यात चिरेतून आलेल्या हवेचा वाटा मोठा असतो. वेग वाढला की तीच गळती किरकोळ ठरते. पेट्रोल पंप किंवा फिल्टर अडला असता तर उलट दिसलं असतं, चढावर आणि जोरात गेल्यावर आकडा वाढला असता.

आणि बाबा, इथेनॉलवरचा तुमचा राग अगदीच निराधार नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे 20 टक्के इथेनॉलच्या एक किलो पेट्रोलला साधारण 13.5 किलो हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. पण तो फरक उभ्या आणि पळत्या गाडीत सारखाच दिसला असता. 27 आणि 8 असा नाही.

पुढचं काम कानाचं. बागेतल्या पाइपचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावर फिरवत गेले. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, मागे, इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या पीसीव्हीच्या नळीपाशी आईची सूं सूं सापडली. ती नळी पक्कडीने फडक्यातून दाबली, तर आवाज थांबला आणि स्कॅनरवरचा आकडा झरझर उतरला. ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे, हेही त्यातच कळलं. पीसीव्हीच्या व्हॉल्व्हजवळचा रबरी एल्बो, म्हणजे नळीचा वाकडा तुकडा, तेलाने मऊ होऊन खालच्या बाजूने चिरला होता. वरून बघणाऱ्याला दिसणारच नाही. 2014 सालचं रबर, अकरा वर्षं उष्णता आणि तेल सोसलेलं. टेप गुंडाळून भागलं नसतं, तेलावर ती टिकत नाही. बाजारात नवा एल्बो सव्वादोनशेला मिळाला.

मग कोड पुसला आणि पोफळीपर्यंत जाऊन आले. आता उभ्या गाडीत 4 टक्के आणि वेगात 5. हे उरलेले बहुधा तुमच्या इथेनॉलचे.

पुन्हा इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्थिर असला, तर सावकाश गाडी घरी न्या आणि मला फोन करा. लुकलुकत असेल तर बाजूला थांबा, पुढे जाऊ नका, कारण तेव्हा न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. आणि कुणी कार्बोरेटर क्लीनरने हवेचा सेन्सर धुवायला निघालं तर धुवू देऊ नका, त्याची तार नाजूक असते.

गुरुवारी आईच्या गुडघ्यासाठी कराडला जायचंय ना? गाडीनेच जा. निघण्याआधी इंजिन चालू ठेवून आईला बोनेटजवळ उभं करा आणि तिला विचारा. फुटका एल्बो स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलाय. आई, दोन बोटांनी वाकवून बघ, चीर उघडते.

तुमची लेक